अकरावं मिनिट

ढब्बू फोनवर हसली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

एरवी ती कशालाही हसायची. सात महिन्यांचं वय, खालचे दोन दात, आणि सगळं जग आपल्याच करमणुकीसाठी मांडून ठेवलंय अशी पक्की समजूत. चमच्याला हसायची, पंख्याला हसायची, आजोबांचं टक्कल दिसलं की तर मान मागे टाकून इतकी हसायची की आजोबा घरातसुद्धा टोपी घालायला लागले होते. पण रिसीव्हर कानाला लावला की संपलं. डोळे विस्फारून, ओठ घट्ट मिटून ती अशी काही ऐकत बसायची, जणू पलीकडून कुणी तिचा निकाल वाचून दाखवतंय.

पलीकडे तिचा बाप असायचा. तो जहाजावर इंजिनिअर. ढब्बू जन्मायच्या महिनाभर आधी त्याला बोलावणं आलं आणि तो गेला. लेकीचे दोन फोटो आणि तीन फोन, एवढीच त्याची आजवरची कमाई. तिन्ही फोनांवर त्याला नुसता श्वास ऐकू आला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "अगं, ती आहे ना खरंच? का मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सगळे मिळून..." म्हणाला हसतच, पण ते हसू वाक्याच्या आधी संपलं.

ढब्बूच्या आईला घरात आणि गल्लीत सगळे सूनबाईच म्हणत. सूनबाईनं रिसीव्हर ठेवला, डोळे पुसले आणि मायक्रोफोन शोधायला घेतला.

कॉम्प्युटर नवऱ्यानंच जाण्याआधी आणून ठेवला होता. सोबत मोडेम नावाची एक काळी डबी, तिच्यावर तांबडे दिवे. ओला टॉवेल झटकला की ढब्बू हसते, हा शोध सासूबाईंचा. दोन दिवस आणि सात टॉवेल खर्ची पडल्यावर चाळीस सेकंदांचं हसू कॉम्प्युटरात उतरलं. त्याच्या शेवटी एक उचकी होती. त्या उचकीवर सगळ्या घराचा जीव जडला.

आता ते पाठवायचं. जहाज सोमवारी कुठल्याशा बंदराला लागणार होतं आणि शुक्रवारी संध्याकाळी निघणार होतं. बंदरावर खलाशांच्या खोलीत कॉम्प्युटर होता, त्यावर मेल पोचायचा. तिथून ढब्बूचा बाप तो आवाज कॅसेटवर उतरवून घेणार होता. शुक्रवार हुकला की पुढचे चार महिने नुसतं पाणी.

"चार दिवस आहेत की हातात," सासूबाई म्हणाल्या. "एवढंसं पोर, त्याचं एवढंसं हसू. कितीसा वेळ लागणार?"

मंगळवारी दुपारी कॉम्प्युटरनंच सांगितलं. बावन्न मिनिटं.

ढब्बू दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. दिवसाकाठी सूनबाईच्या मालकीचा तेवढाच वेळ; त्यात आंघोळ, जेवण, केस विंचरणं आणि जमलं तर रडणं, असं सगळं बसवायचं असायचं. रात्री का नाही, असं गल्लीतल्या निम्म्या लोकांनी विचारलं. त्यांनी ढब्बूची रात्र पाहिली नव्हती. रात्री ढब्बूचा दिवस असायचा.

तरी सूनबाईनं मोडेम लावलाच. आधी टकटक, टकटक असा नंबर फिरला, मग पत्र्यावरून खिळा ओढावा तसा चीत्कार, मग खरखर, मग शांतता. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. अकराव्या मिनिटाला खट् असा आवाज झाला आणि सगळं तुटलं. मेलचं हे असं असतं की तुटला की पुन्हा पहिल्यापासून. निदान अर्धं हसू तरी पोचलं, असा दिलासा त्यात नसतो.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा अकरा मिनिटं, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा लावताना तिच्या लक्षात आलं की मोडेम टकटक करतो तेव्हा आणखीही एक आवाज येतोय. अगदी बारीक. टिंग... टिंग टिंग... टिंग. कुणीतरी कपाच्या कडेवर नखानं वाजवावं तसा. तो मोडेममधून येत नव्हता. भिंतीतून येत होता.

भिंतीपलीकडे हेडबाईंचं घर. जोडघरं असल्यामुळे मधली भिंत एकच. शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या त्या एकट्या राहायच्या. सूनबाई लग्न होऊन आली त्याच्या चौथ्या महिन्यात त्या गेल्या. सूनबाईनं त्यांना उणंपुरं दोनदा पाहिलं असेल. त्यांचा मुलगा लांब कुठेतरी असायचा. तो आला, कुलूप लावलं, किल्ली सासूबाईंकडे दिली आणि गेला. दोन वर्षं झाली, घर बंद.

"आई, तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

"मला तुझ्या त्या डबीचं केकाटणंच एवढं ऐकू येतंय की बाकीचं ऐकायला कान उरत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. पण भिंतीकडे त्यांनी पाहिलं, आणि पाहिलं ते जरा जास्तच वेळ.

सासऱ्यांना मात्र डबीचं केकाटणं आवडलं. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं कट्ट-कडकट्ट करून साऱ्या दुनियेचे जन्म-मृत्यू त्यांनी इकडून तिकडे पोचवले. सगळी गल्ली त्यांना तारमास्तर म्हणायची. तारेवर समोरचा माणूस कोण आहे ते त्याच्या हातावरून ओळखू येतं, असं ते सांगत. आता टोपी काढून, कान मोडेमला लावून ते बसले.

"हात बरा आहे पलीकडच्याचा. पण घाई फार. नवी भरती दिसतेय."

"बाबा, ते मशीन आहे."

"मशीनला काय हात नसतो?" मास्तरांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "सूनबाई, ओळीवर तिसरं कुणीतरी आहे."

"म्हणजे?"

"दोघं बोलतायत. तिसरं पाठवत काहीच नाहीये. नुसतं ऐकतंय."

हे बोलून त्यांनी टोपी घातली आणि ते पेपर वाचायला गेले. पेपर उलटा होता, पण सुनेनं सासऱ्याला असं सांगायचं नसतं.

बुधवारी समोरचे बँकेचे काका आले. त्यांच्या घरी मोडेम आठ महिने आधी आला होता, म्हणून ते या विषयातले अधिकारी पुरुष. त्यांनी आल्याआल्या कमरेवर हात ठेवून घराची पाहणी केली आणि मान हलवली. घरातलं कुणी आजारी असताना डॉक्टरनं अशी मान हलवली तर माणसं रडायला लागतात.

"वायर किती लांब आहे ही?"

"बारा मीटर. फोन हॉलमध्ये, कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत."

"आणि उरलेली वायर पलंगाखाली वेटोळं करून ठेवलीय. अहो, तुमचा वेग सगळा पलंगाखाली झोपलाय!"

मग कॉम्प्युटर हॉलमध्ये आला. फोनच्या भोकाशेजारी जागा नव्हती म्हणून चपलांच्या कपाटावर बसला. कपाट मधल्या भिंतीला टेकून होतं. सोफ्याची अडचण व्हायला लागली म्हणून सोफा झोपायच्या खोलीत गेला, तो दारात अडकला, त्याचा एक पाय काढावा लागला. आता झोपायच्या खोलीत तीन पायांचा सोफा आणि हॉलमध्ये उभी माणसं. पण वेग वाढला. बावन्नची चव्वेचाळीस झाली.

काकांना चेव चढला. त्यांनी फोनचं यंत्र काढून बाजूला ठेवलं. मधेच दुसरा फोन आला की टूं टूं करणारी सोय बंद करायला लावली. फ्रिजमुळे लाइनीत घरघर शिरते म्हणून फ्रिज बंद केला, ट्यूब चमकते म्हणून ट्यूब बंद केली, घंटीची वायर टेलिफोनच्या वायरीला घासते म्हणून दारावरची घंटी उपटली. संध्याकाळपर्यंत दूध नासलं, अंधारात मास्तरांचा पाय सोफ्याच्या काढलेल्या पायावर पडला, आणि घंटी नाही म्हणून सासूबाईंची धाकटी बहीण पाऊण तास बाहेर उभी राहून, आपल्याला मुद्दाम घेतलं नाही असं समजून, कायमची रागावून परत गेली.

"सव्वीस मिनिटं!" काका पडद्याकडे बोट दाखवून ओरडले. "यापेक्षा जास्त या वायरीतून निघणार नाही. आता कुणी हलू नका. श्वास घ्या, पण बेतानं."

सगळे उभे राहिले. निळी पट्टी खरोखरच भराभर सरकत होती. सातवं मिनिट, नववं, दहावं. अकराव्या मिनिटाला, खट्.

"योगायोग," काका म्हणाले.

दुसऱ्यांदाही अकराव्याच मिनिटाला तुटलं, तेव्हा ते म्हणाले, "संशोधनाचा विषय आहे." मग त्यांनी सुचवलं की हसण्याचे तीन तुकडे करून पाठवू. तुकडे करायचा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. जोडायचा नव्हता, हे तीन तुकडे झाल्यावर कळलं. नशीब मूळ हसू दुसरीकडे जपून ठेवलं होतं. मग हसू थोडं कापूया असं निघालं. सासूबाई म्हणाल्या, सुरुवातीला माझा 'अगं माझी बाय' आहे, तो कापायचा नाही. मास्तर म्हणाले, उचकीला हात लावाल तर याद राखा. मधलं कापावं तर मधे तर ती खरी हसत होती.

तिसऱ्या वेळी नंबर फिरत असताना काकांचा कान भिंतीपासून वीतभर अंतरावर होता.

टिंग. टिंग टिंग.

काकांचा चेहरा हळूहळू भिंतीसारखा झाला. "कोण राहतं हो पलीकडे?"

"कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "हेडबाई होत्या. वारल्या."

काकांना एकदम आठवलं की घरी गॅसवर काहीतरी ठेवलंय. गॅस त्यांनी जन्मात कधी पेटवला नव्हता. जाताना ते आपली चप्पलही विसरले. ती कपाटात होती, आणि कपाट भिंतीशी होतं.

गुरुवारी सूनबाई ढब्बूला कडेवर घेऊन टेलिफोनच्या कचेरीत गेली. तक्रारीच्या खिडकीत एक कारकून चष्मा पुसत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोनवर बोलता येतं?"

"येतं. पण..."

"समोरच्याचं ऐकू येतं?"

"येतं हो, पण अकराव्या मिनिटाला..."

"बाई, आमचं काम आवाज पोचवायचं. अकरा मिनिटांत ज्याचं बोलणं संपत नाही, त्याची तक्रार घ्यायला आमच्याकडे रकाना नाही."

"आवाजच पोचवायचाय मला!" सूनबाईचा स्वर चढला. "हिचा. हिच्या बापाला. त्यानं अजून ऐकलेला नाही."

कारकुनानं चष्मा लावला आणि ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूनं त्याच्या चष्म्याकडे पाहिलं आणि जी काही हसली, जी काही हसली, की आतल्या टेबलावरची दोघं उठून खिडकीशी आली. कारकुनानं मुकाट्यानं एक फॉर्म ओढला आणि 'अन्य' या रकान्यात काहीतरी लिहिलं. "उद्या सकाळी माणूस येईल. घंटी वाजवेल, दार उघडा."

"घंटी काढलीय."

कारकुनानं चष्मा पुन्हा काढला.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला लाइनमन आला आणि दार बडवून बडवून, शेवटी मागच्या दारानं आत आला. त्यानं बाहेरच्या खांबावरच्या पेटीत चिमटे लावले, हातातल्या मीटरकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"फोन किती आहेत घरात?"

"एक. तोसुद्धा काढून ठेवलाय. आणि हा मोडेम."

"मग माझ्या मीटरवर दोन का दिसतात? मोडेम सोडला तरी एक उरतोय. या लाइनीवर कुठेतरी आणखी एक फोन जिवंत आहे." तो वायर चाचपत चाचपत भिंतीकडे गेला, चपलांचं कपाट सरकवलं. खाली, फरशीला लागून, रंगाच्या चार थरांखाली एक बारीक वायर भिंतीत शिरत होती. "ही कुणी टाकली?"



"मी," तारमास्तर म्हणाले.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी खात्याची टाचणी घरी आणली नाही, सुनेला घरखर्चाच्या यादीतसुद्धा समास सोडायला लावला, ते मास्तर टोपी हातात घेऊन उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वीस वर्षांपूर्वी. तेव्हा फोनसाठी आठ-आठ वर्षं नंबर लागायचा नाही. आपला लागला, खात्यातला म्हणून. बाईंचा मुलगा लांब गेलेला. तो फोन करायचा आपल्याकडे, आणि बाई तशाच लगबगीनं यायच्या, येईपर्यंत त्याची मिनिटं संपायची. गुडघे धरलेले ना त्यांचे. मग मीच एका रविवारी भिंत पोखरली. नियमबाह्य आहे, मला ठाऊक आहे. मी त्यांना शब्द दिला होता, बाई, तुमची घंटा मी तोडणार नाही."

"पण त्या गेल्या आता, बाबा."

"त्यांनी शब्द परत कुठे केलाय?"

लाइनमन हसला. "ते ठीक आहे मास्तर. पण बंद घरातला फोन अकराव्या मिनिटाला उचलतंय कोण? तिकडचा रिसीव्हर उचलल्याशिवाय तुमची लाइन अशी तुटणार नाही."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि भाजी निवडायला घ्यावी इतक्या सहज. "तुमची डबी नंबर फिरवते तेव्हा तिकडे घंटी किणकिणते. त्यांना वाटतं फोन आला. निघतात बिचाऱ्या आतल्या खोलीतून. जिवंतपणी पाच मिनिटं लागायची. आता अकरा लागणारच."

लाइनमनचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं पिशवीतून पक्कड काढून सूनबाईच्या हातात दिली. "हे असलं मी करत नाही. आत जाऊन तुम्हीच तोडा, एक वायर आहे. काम झालं की पक्कड कचेरीत पाठवून द्या." आणि तो पुढच्या दारानं गेला, मागचं जवळ असूनही; कारण मागचं दार हेडबाईंच्या अंगणात उघडत होतं.

शुक्रवार. दुपारचे दीड वाजलेले. ढब्बू दोनला झोपणार. जहाज पाचला सुटणार.

सूनबाईनं किल्ली घेतली. हेडबाईंचं कुलूप मुकाट्यानं उघडलं. आत बंद घराचा वास, वह्या ठेवलेल्या कपाटाला येतो तसा. टेबलावर धूळ, खिडकीवर धूळ, जमिनीवर अशी मऊ धूळ की तिचीच पावलं तिच्या मागे उमटत आली. तिनं मागे वळून पाहिलं. दारापासून फोनपर्यंत तिची पावलं होती. आतल्या खोलीकडून फोनपर्यंत काहीच नव्हतं, एक पाऊलसुद्धा. हुश्श करावं, तेवढ्यात तिची नजर फोनवर गेली. जुना, काळा, जड फोन. त्याच्या अंगावर बोटभर धूळ. रिसीव्हर मात्र लखलखीत.

तिनं पक्कड वायरीला लावली.

फोनशेजारी खुर्ची होती, खुर्चीवरची उशी मधे दबलेली. समोर एक वही, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. उघड्या पानावर हेडबाईंचं टपोरं अक्षर, वर रेघ मारून मथळा दिलेला: 'त्याचा फोन आला की'. खाली लिहिलं होतं, गुडघ्याचं सांगायचं नाही. आधी तो काय म्हणतो ते ऐकायचं, मधे बोलायचं नाही. जेवतोस का हे दोनदा विचारायचं नाही, चिडतो. मास्तरांकडे सून आली आहे, चेहरा हसरा आहे, हे सांगायचं. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून: फोन आपण आधी ठेवायचा नाही.

सूनबाईच्या स्वतःच्या उशाखाली असलीच एक यादी होती. तिच्यातही, रडायचं नाही, असं पहिलं वाक्य होतं.

ती किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. परत आली तेव्हा पक्कड हातात तशीच होती, पण वायर तोडलेली नव्हती.

"नाही जमलं," ती म्हणाली. "तोडली तर त्याला हिचं हसू जाईल. पण मग तिकडे घंटी कधीच वाजायची नाही. दोन्ही मला नाही झेपत, बाबा. काय करू?"

मास्तर उठले. टोपी सरळ केली. छत्तीस वर्षं ज्या थाटात ड्यूटीवर गेले असतील त्या थाटात म्हणाले, "ओळीवर गर्दी असली तर ओळ तोडत नाहीत. माणूस बसवतात. तू लाव. मी तिकडे रिसीव्हर दाबून बसतो."

"अहो, एकटे?" सासूबाई म्हणाल्या.

"एकटा कुठे? बाई आहेत की," मास्तर म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते लक्षात येऊन जरा थबकले. पण गेले.

दोन वाजून चार मिनिटांनी ढब्बू झोपली. सहाव्या मिनिटाला सूनबाईनं मोडेम लावला. टकटक, आणि भिंतीतून टिंग टिंग. चीत्कार, खरखर, शांतता. फ्रिज बंद, दिवे बंद, सोफा तीन पायांवर, सासूबाई पाळण्याची दोरी हातात धरून न हलवता बसलेल्या. निळी पट्टी निघाली. सव्वीस मिनिटं.

पाचवं. आठवं. दहावं. सूनबाईनं घड्याळाकडे बघायचं सोडलं; तिला कळतच होतं. भिंतीपलीकडे काहीतरी सरकल्यासारखा आवाज झाला. फार हळू, उभं राहताना आधी हात, मग गुडघा, मग दुसरा गुडघा, असा.

निळी पट्टी थांबली.

मोडेमचा तांबडा दिवा फडफडला. आणि भिंतीतून मास्तरांचा आवाज आला, एरवीपेक्षा हळू, एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना बसायला पाट द्यावा इतका अदबीनं.

"बसा, बाई. तुमचा नाही हा. आमच्या पोराला नातीचं हसू पाठवतोय. त्यानं अजून ऐकलेलं नाही हो. पंधरा मिनिटं फक्त. नाही, नाही, घाई नाही, तुम्ही बसा. मी उभा राहतो."

मग काहीच नाही. दिवा फडफडत होता.

पट्टी सरकली.

बारावं मिनिट झालं. या घरानं मोडेमचं बारावं मिनिट कधी पाहिलंच नव्हतं. तेरावं झालं. विसावं झालं. चोविसाव्याला ढब्बूनं कूस बदलली, पण तिनं अंगठा तोंडात घातला आणि ती पुन्हा झोपली. सव्विसाव्या मिनिटाला पडद्यावर एक ओळ उमटली, की पोचलं. सूनबाईनं ती चारदा वाचली.

मास्तर परत आले ते घामानं भिजून. उजव्या तळव्यावर रिसीव्हरचा लाल ठसा उठला होता. पाणी प्यायले, आणखी एक तांब्या प्यायले.

"स्प्रिंग ताठ आहे त्या फोनची," ते म्हणाले. "खालून सारखी उचलते. जुनी यंत्रं तशीच."

"स्प्रिंगला अहो-जाहो करत होतात?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मग म्हणाले, "थंड हात होते. पण जोर केला नाही त्यांनी. सांगितल्यावर लगेच बसल्या."

सूनबाईनं फोनचं यंत्र पुन्हा भोकात खोचलं, फ्रिज चालू केला, दिवे लावले. अंधारलेला हॉल अचानक साधा हॉल झाला, चपलांच्या कपाटावर कॉम्प्युटर असलेला.

सव्वाचारला फोन वाजला. ढब्बू नुकतीच उठून सूनबाईच्या कडेवर बसलेली. सूनबाईनं रिसीव्हर उचलला, पलीकडे समुद्रासारखी घूं घूं आणि तिच्यातून तो.

"मिळालं," तो म्हणाला.

"ऐकलंस?"

"अकरा वेळा. आमचा कप्तान म्हणतो, पुरे आता, जहाज सोडायचंय. अगं, शेवटी ती उचकी... आता कॅसेटवर घेतलीय. आता चार महिने काय, आठ महिने काढीन."

"जास्त शहाणपणा करू नकोस. चारच." ती हसत होती आणि रडतही होती, यादीतलं पहिलं वाक्य मोडलं होतं. मास्तर आणि सासूबाई तिच्या दोन्ही बाजूंना कान लावून उभे होते. तिघंही तिथेच. शेजारची किल्ली समोर टेबलावर पडलेली.

तेवढ्यात अगदी मऊ असं खुट् झालं, आणि त्याचा आवाज निम्मा झाला. एका लाइनीवर दुसऱ्यानं फोन उचलला की होतो तसा. एकाच्या वाट्याचा आवाज दोघांत वाटला जातो.

घूं घूंच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. थकून आल्यासारखा.

"हॅलो? एकदम लांब गेलीस," तो म्हणाला. "कोण आहे लाइनवर?"

सूनबाईनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळ्यांनीच, असू दे, म्हटलं. ढब्बू गंभीर चेहऱ्यानं भिंतीकडे बघत होती, आणि मग तिनं भिंतीला हात केला.

"शेजारच्या बाई आहेत," सूनबाई म्हणाली.

"हेडबाई? अगं पण त्या..."

"हो."

बंदरावर कुठेतरी भोंगा वाजला.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "मी बोलतोय. जेवतो वेळेवर. बरा आहे."

पलीकडचा श्वास क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. उत्तर आलं नाही. आधी तो काय म्हणतो ते ऐकायचं असतं.

मग तो बोलत राहिला, भोंगा तिसऱ्यांदा वाजेपर्यंत, खलाशांचं, इंजिनाचं, पाण्याचं. आणि सूनबाई रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून, निम्म्या आवाजात, त्याचं सगळं ऐकत राहिली.